दाबून धरा

ताराचंदने वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा उतरवला, फुंकर मारून धूळ उडवली आणि आतली प्लास्टिकची पुडी चारुशीलाबाईंसमोर ठेवली. पुडीत काळ्या रबराच्या बारीक कड्या होत्या आणि टिकलीएवढी दोन सीलं.

"यही है. आपकी गाडी के ब्रेक पंप का पूरा किट."

चारुशीलाबाईंनी चष्मा पदराने पुसून पुन्हा लावला. मोबाइलमधला गाडीचा फोटो त्यांनी ताराचंदला परत दाखवला. त्याने न पाहताच मान हलवली.

"पण हे नागपुरात कुठंच मिळत नाही म्हणे."

"किसने बोला?"

"नंदनवनच्या गॅरेजवाल्या दुर्गेशनं. तुमच्याकडे दोनदा येऊन गेलो म्हणत होता."

ताराचंद हसला. "मॅडम, दुर्गेश तो दिवाली के बाद इधर फिरका नहीं. और ये माल तो कब का पडा है. पूछता तो देताच ना."

चारुशीलाबाईंनी पैसे दिले. पुडी पर्समध्ये टाकून त्या दुकानाच्या पायऱ्या उतरल्या. इतवारीच्या त्या बोळात स्टीलच्या गंज-पातेल्यांनी भरलेली हातगाडी एका टेम्पोला आडवी झाली होती आणि दोघेही मागे हटायला तयार नव्हते. एरवी त्या कडेला थांबल्या असत्या. आज त्या दोघांच्या मधून अंग चोरून सरळ पुढे गेल्या आणि बोळाच्या तोंडाशी ऑटोत बसल्या.

"नंदनवन. जरा लवकर."

दुर्गेश खोटं बोलला होता, एवढं पक्कं. पण दुर्गेशला खोटं बोलून काय मिळणार? गाडी तीन आठवडे त्याच्या गॅरेजात उभी होती, जागा अडवून. कोणीतरी त्याला सांगितलं असणार, आणि ते कोणी हे शोधायला चारुशीलाबाईंना फार लांब जावं लागलं नाही. नवऱ्याला, गिरिधररावांना, काचबिंदू झाल्यापासून त्यांनी स्वतः स्टेअरिंग सोडलं होतं आणि तेव्हापासून बायकोनेही ते सोडावं असं त्यांना वाटत होतं. कंपनीच्या वर्कशॉपने हात वर केले, नवा पंप आता बनत नाही, गाडी भंगारात द्या म्हणाले, त्या दिवशी ते जेवताना दोनदा म्हणाले होते, "बरं झालं एका परीनं."

बरं झालं! पर्सवरची त्यांची पकड घट्ट झाली.

चारुशीलाबाई गाडी चालवायला शिकल्या त्या पन्नाशी उलटल्यावर. जिल्हा कचेरीतली कारकुनी अजून चालू होती तेव्हा. शिकवणारा पोरगा त्यांना आजी म्हणायचा आणि त्या त्याला म्हणायच्या, आजी म्हण, पण क्लच नीट समजाव. गेलं दीड वर्ष त्या आठवड्यातून दोनदा खाप्याला जात. थोरली बहीण गोपिका तिथे एकटी राहायची. तिच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. तिला गाडीत बसवून नागपूरला आणायचं, चार तास डायलिसिसला बसायचं, मग पुन्हा खाप्याला पोचवून परतायचं. परतीच्या वाटेवर गोपिकाला कधी उलटी व्हायची, कधी रक्तदाब इतका उतरायचा की गाडी कडेला लावून तिचे पाय उचलून धरावे लागत. भाड्याच्या गाडीवाल्यांनी एकदोन वेळा तोंडं वाकडी केली होती. नागपूरला राहायला ये म्हटलं तर गोपिका म्हणायची, "माह्या घरात मी मोठी आहे. तुह्या घरात पाहुणी होईन."

आणि मग तो दिवस. कोराडीच्या पुढे समोरचा ट्रक हळू झाला, चारुशीलाबाईंनी ब्रेक दाबला, तर पेडल ओल्या कापसाच्या गाठोड्यावर पाय ठेवावा तसं खाली गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा. तिसऱ्यांदा कुठेतरी धरलं आणि गाडी ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभरावर थांबली. त्यांनी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर गोपिका डोळे मिटून होती. झोपली असं वाटून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ते सगळं त्यांनी नंतर फक्त दुर्गेशला सांगितलं. त्याने बॉनेट उघडून पंपाखाली बोट फिरवलं होतं, वास घेतला होता आणि म्हणाला होता, "ब्रेक ऑइल आहे, मावशी. पंपाची सीलं गेली. त्याच्या खालचा रंगसुद्धा खाऊन टाकला तेलानं. पण होऊन जाईल. किट आणतो." मग आठवडाभराने तो नजर चुकवत म्हणाला होता, "किट नाही मिळून राहिली."

ऑटो थांबली. दुर्गेश एका जीपखाली अर्धा शिरला होता. चारुशीलाबाईंनी त्याच्या बाहेर आलेल्या पायांजवळ उभं राहून हाक मारली. तो बाहेर सरकला, हात चिंधीला पुसत उठला. चाळिशीचा, खाप्याचाच, त्यांच्या माहेरच्या आळीतला.

त्यांनी पुडी त्याच्यासमोर धरली.

दुर्गेशने ती पाहिली आणि मान खाली घातली.

"काहून खोटं बोलला गा?"

"मावशी..."

"काकांनी सांगतलं ना तुले? खरं बोल. मी त्यांना पाहून घेईन, तुले काही म्हणत नाही."

"काका नाही." दुर्गेश चिंधीला उगाच पीळ देत राहिला. "गोपिकामावशीनं."

"कोणी?"

"गोपिकामावशीनं फोन केला होता. म्हणे, गाडी बनवू नको. चारूले सांग, सामान मिळत नाही. मी म्हटलं, मावशी, असं कसं सांगू? तं रडाले लागली. मले तिनं लहानपणी खाऊ घातलं आहे, माय शेतात राहायची तेव्हा. नाही म्हणवलं नाही मले."

चारुशीलाबाई जीपच्या फूटबोर्डवर बसल्या. समोरच्या भिंतीवर जुने टायर टांगले होते, त्यांच्याकडे त्या बघत राहिल्या.

"पण ती जाऊन राहिली ना दवाखान्यात? भाड्याच्या गाडीनं. मले तं रोज फोनवर सांगते."

दुर्गेशने चिंधी खांद्यावर टाकली.

"आधी गेली. सोमवारच्या डायलिसिसच्या पाळीले नाही गेली. माह्या भावाची गाडी ठरवली होती, तिनं दारातूनच परत पाठवली."

चारुशीलाबाईंनी मोबाइल काढला. गोपिकाच्या नावावर अंगठा टेकवला आणि तसाच उचलून घेतला. मोबाइल त्यांनी पर्समध्ये ठेवला, पर्सची साखळी लावली आणि उभ्या राहिल्या.

"उद्या सकाळी तिची पाळी आहे. खोल पंप."

"आजच्या आज? मावशी, नळ्या सोडा, पंप उतरवा, मग..."

"मी इथंच बसते. खोल."

दुर्गेशने मग जीपच्या मालकाला फोन करून उद्या या म्हणून सांगितलं.

त्याने आधी सिरिंजने ब्रेक ऑइलच्या टाकीतलं तेल ओढून काढलं. पंपाला जोडलेल्या नळ्या एकेक करून सोडवल्या, त्यांची तोंडं रबरी टोप्यांनी बंद केली, आणि पंप दोन्ही हातांनी उचलून टेबलावरच्या स्वच्छ कापडावर ठेवला. दोन मुठींएवढी वस्तू. चारुशीलाबाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मोटर वेगळी झाली तेव्हा आतून काळं, दाट तेल ओघळलं.

"हे पाहा. तेल मोटरीत शिरलं होतं. अजून चालवली असती तं मोटर जळली असती."

"मोटर चांगली आहे?"

"चांगली दिसून राहिली." त्याने बॅटरीला तारा टेकवल्या. मोटर फिरली. त्याचा चेहरा जरा सैल झाला.

आतल्या दांड्या त्याने ब्रेक ऑइलनेच धुतल्या. पेट्रोलने धुतलं तर रबर फुगतं म्हणाला. बोटावर घेऊन, उजेडाकडे धरून, नख फिरवून त्याने प्रत्येक दांडीवर चरा आहे का ते पाहिलं. जुनं सील टोचणीने उपसलं तेव्हा त्याचे दोन तुकडे झाले. नवीन कडी बसवताना ती एकदा त्याच्या बोटातून उडाली आणि दोघंही टेबलाखाली वाकून शोधत राहिले. चारुशीलाबाईंनाच सापडली. त्यांनी ती तळहातावर घेऊन पुढे केली.

"धुऊन लाव."

"हो ना, मावशी."

ऊन उतरायला लागलं तेव्हा पंप जागेवर परत बसला होता. नळ्या आवळून झाल्या होत्या. आता नळ्यांतली हवा काढायची होती आणि त्याला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी तोटी उघडून हवा बाहेर सोडायची.

"थांबा, शेजारच्या पंक्चरवाल्याले बोलावतो."

"मी काय करून राहिली इथं?" चारुशीलाबाईंनी चपला काढल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या.

"दाबा," मागच्या चाकापासून आवाज आला. "सोडा. दाबा. सोडा. दाबा. आता दाबून धरा."

त्यांनी दाबून धरलं. तोटी उघडली तसं पेडल पायाखाली हळूहळू खचत गेलं.

"सोडू नका हं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही. मधेच सोडलं तं हवा परत आत."

त्यांनी सोडलं नाही. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरून त्या सीटवर मागे रेटून बसल्या होत्या. उजवी पोटरी भरून आली होती. काचेतून समोर काही विशेष दिसत नव्हतं, एक भिंत आणि तिच्यावर क्लासची जाहिरात. तिच्याकडे त्या अशा पाहत होत्या की जणू तिनेच त्यांना फोनवर रोज सांगितलं होतं, गेली होती वं, बरी आहे मी.

"मावशी, सोडा. सोडा! बंद केली तोटी."

चारही चाकं झाली. दुर्गेशने आपल्या मशीनने पंप फिरवून पाहिला, आतली उरलेली हवा काढली, मग पुन्हा पहिल्यापासून एकेक तोटी. शेवटी पेडल वरच्या वर दगडासारखं घट्ट झालं. डॅशबोर्डवरचे ब्रेकचे दोन्ही दिवे विझले. त्याने पंपाच्या खाली पांढरा कागद लावून ठेवला आणि पेडलवर दोन्ही पायांनी जोर दिला. कागद कोरडा राहिला.

कॉलनीमागच्या रिकाम्या मैदानावर त्याने गाडी पळवली, करकचून ब्रेक मारले, पुन्हा पळवली. चाकं घसरली नाहीत. मग उतरून त्याने दार धरलं.

"आता तुम्ही. जोरात घ्या आणि पूर्ण पाय दाबा. घाबरू नका, पेडलला हिसके बसतील, तो पंप काम करतो म्हणून."

चारुशीलाबाईंनी वेग घेतला. मैदानाच्या मध्यावर पाय ब्रेकवर ठेवला, आणि पाय अर्ध्यावरच थांबला. गाडी आरामात थांबली. दुसऱ्यांदाही तसंच झालं.

"अजून जोरात, मावशी."

"थांबते ना गाडी? झालं तर मग," त्या म्हणाल्या आणि त्याच्याकडे न पाहता त्यांनी गाडी घराकडे वळवली.

गिरिधरराव फाटकापाशी उभे होते. गाडीचा आवाज ऐकून ते बाहेर आले असावेत.

"बनली?"

"बनली."

"जाशीन उद्या?"

"जाईन."

गिरिधररावांनी फाटक पूर्ण उघडलं आणि गाडी आत येईपर्यंत एका हाताने धरून ठेवलं. दिवसभर मनात त्यांच्याशी केलेलं भांडण चारुशीलाबाईंना आठवलं. आत जाऊन त्यांनी हातपाय धुण्याआधी त्यांच्यासाठी चहा टाकला, आलं घालून.

सकाळी पाटणसावंगीपर्यंत धुकं होतं. गाडी खाप्यात शिरली तेव्हा उन्हं अंगणात आली होती आणि गोपिका पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. पावलं सुजून चपलेच्या पट्ट्यात रुतली होती. चेहराही फुगलेला. गाडी दिसली तसे तिचे हात थांबले.

"दुर्गेशनं सांगतलं वाटते."

"त्याले काही बोलू नको. किट माही मीच आणली." चारुशीलाबाई पायरीवर तिच्या शेजारी बसल्या. सुपातली एक शेंग उचलून सोलली. दाणे सुपात, टरफल बाजूला. "सोमवारी गेली नाही म्हणे तू."

"नाही गेली."

"तुले जायचं नाही तं माह्या तोंडावर सांग. गाडीच्या मागं काय लपतं?"

गोपिका श्वास घेत थांबली. दोन वाक्यांच्या मधे तिला आता श्वास घ्यावा लागत होता.

"त्या दिवशी माहे डोळे बंद नव्हते, चारू."

चारुशीलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"तुह्या पायाखाली ब्रेक नव्हता. गाडी थांबली अन् तू आरशात मले पाहून राहिली होती. तुहं तोंड कसं झालं होतं, ते मी पाहिलं. म्हणून मिटले मग डोळे. तुले वाटावं, हिले काही समजलं नाही." तिने सूप खाली ठेवलं. "माहं काय आहे सांग. आज ना उद्या. पण तू त्या रस्त्यावर माह्यापायी जाशीन, अन् मी मागच्या सीटवर बसून पाहीन? नंतर गिरिधरले कोणतं तोंड दाखवू मी?"

"म्हणून मरतं तू?"

"मरायचं नाही वं मले. कोणाले मारायचं नाही."

गल्लीतून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन गेली. दोघी बहिणींना बसलेल्या पाहून हसली. दोघीही तिच्याकडे पाहून हसल्या.

चारुशीलाबाई उठल्या. गोपिकाच्या दंडाखाली हात घालून त्यांनी तिला उठवलं, सुई टोचतात तो हात सांभाळून.

"कुठी?"

"गाडीत बस. दवाखान्यात नाही नेत. नुसती बस."

"चारू..."

"नुसती बस म्हटलं ना."

गोपिका सवयीने मागच्या दाराकडे वळली. चारुशीलाबाईंनी पुढचं दार उघडलं. तिला बसवलं, पट्टा ओढून तिच्या पोटावरून नीट लावला आणि आपला लावला.

गावाबाहेरचा तो रस्ता सरळ होता. दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, समोर कोणी नाही, मागे कोणी नाही. नदीतून भरून जाणाऱ्या ट्रकांमधून सांडलेली रेती डांबरावर पसरली होती. चारुशीलाबाईंनी आरशात पाहिलं, रस्त्यासाठी. मग दुसरा गिअर, तिसरा, चौथा. इंजिनाचा आवाज चढत गेला.

"काय करून राहिली?" गोपिकाने दाराचा दांडा पकडला.

"ब्रेक पाहायचा ना तुले?"

"चारू, हळू!"

रेतीचा पट्टा समोरून धावत आला. चारुशीलाबाईंचा पाय ब्रेकवर गेला, अर्ध्यावर थांबू पाहत होता. त्यांनी दात आवळले आणि पाय खाली दाबला, पूर्ण, तळापर्यंत, आणि तिथेच धरला. पेडलने खालून तळव्यावर टरटर टरटर उलटे ठोके मारले, गाडी सगळी थरथरली, पट्टा खांद्यात रुतला, पण नाक सरळ राहिलं. रेतीवरून गाडी रेषेत गेली आणि थांबली.

मागून उडत आलेली धूळ पुढे निघून गेली. इंजिन बंद पडलं होतं. कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती, तिचा आवाज ऐकू येऊ लागला.

चारुशीलाबाईंचा पाय अजून खालीच होता. तो उचलायला त्यांना थोडा वेळ लागला.

गोपिकाने दांडा सोडला. डोक्यावरून घसरलेला पदर तिने सारखा केला. श्वास परत जागेवर येऊ दिला.

"ते टरटर काय वाजलं?"

"पंप. चाकं अडकू देत नाही तो."

"दुर्गेशनं बसवला?"

"त्यानं अन् मी."

गोपिका समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिली. मग मान वळवून तिने मागच्या काचेतून रेतीवर उमटलेले चाकांचे दोन सरळ पट्टे पाहिले. बराच वेळ पाहिले. चारुशीलाबाईंनी किल्ली फिरवून गाडी सुरू केली.

"माही पिशवी घरीच राहिली," गोपिका म्हणाली. "दवाखान्याची."

"घेऊ. वळवते गाडी."

"थांब ना." गोपिकाने पट्टा हाताने चाचपून पाहिला, नीट बसला आहे का. मग सीटवर मागे सरकून, दोन्ही पाय पुढे घट्ट रोवून बसली.

"पहिले अजून एकदा," ती म्हणाली. "अन् यावेळी जरा जोरात घेजो."